केस पेपरच्या यंत्रापुढे मंदामावशी: इंटरफेस लोकांना जमेल का, हे पायरी-पायरीनं कसं तपासायचं

सकाळी आठच्या आत ओपीडीत केस पेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. ती कमी व्हावी म्हणून एका जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयानं टचस्क्रीनचं यंत्र घ्यायचं ठरवलं. चाचणीपुरतं एक यंत्र बसवलं आणि आम्हा चौघांना बोलावून विचारलं, "जरा बघून सांगा, लोकांना जमेल ना?"

यूएक्सच्या, म्हणजे पडदे-बटणांची मांडणी (इंटरफेस) वापरणाऱ्याला सोपी करण्याच्या कामात नव्यानं आलेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. बहुतेक जण पडदे चाळतात, दोन-चार खटकलेल्या गोष्टी सांगतात आणि मोकळे होतात. मीही पहिली काही वर्षं असंच करत होते. पण पडदे चाळताना आपण आपल्या डोक्यानं चाळतो. कुठं दाबायचं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ज्याला ते ठाऊक नाही तो कुठं अडेल हे दिसत नाही. हे दिसायला लावणारी एक पद्धत आहे. ती शिकायला एक दुपार पुरते, आणि कागद-पेनाशिवाय काही लागत नाही.

या कामाच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही १९९० साली सिएटलमध्ये भरलेल्या एकाच परिषदेत मांडल्या गेल्या. पहिली कॉग्निटिव्ह वॉकथ्रू, म्हणजे वापरणाऱ्याच्या डोक्यानं एकेक पायरी चालून पाहणं. कोलोरॅडो विद्यापीठातले क्लेटन लुईस, पीटर पोल्सन, कॅथलीन व्हार्टन आणि जॉन रीमन यांनी ती मांडली. माणूस कुठलंही प्रशिक्षण न घेता थेट समोर उभा राहून वापरायला लागतो, अशा यंत्रांसाठी ती सुरुवातीला तयार झाली. दुसरी ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन, म्हणजे ठरलेल्या निकषांवर केलेली तपासणी. ती याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांची. पहिलीत एका माणसाचं बोट धरून एका कामाच्या वाटेनं चालायचं, दुसरीत सगळं घर फिरून भिंती ठोकून पाहायच्या. नव्या माणसानं सुरुवात पहिलीपासून करावी असं मला वाटतं, कारण ती माणसाला समोर आणून बसवते.

बसण्याआधी हातात काय हवं

चार गोष्टी लेखी हव्यात: कोण वापरणार, कशासाठी वापरणार, काम पूर्ण करायची बरोबर वाट कोणती, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला पडदा कसा दिसतो. पडदे कागदावर काढलेले असले तरी चालतात. किंबहुना ते बरंच. कागदावरची चूक खोडरबरानं जाते, यंत्रातली चूक काढायला महिने जातात.

यातली पहिली गोष्ट सगळ्यांत जास्त हलगर्जीपणानं केली जाते. 'वय ४० ते ६५, ग्रामीण भाग, कमी तंत्रज्ञान-साक्षर' हे वर्णन वाचून कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. आम्ही असं लिहिलं: मंदामावशी, वय ५८. गावाहून सकाळच्या एसटीनं येतात. गुडघे दुखतात, सहा महिन्यांपूर्वी याच दवाखान्यात दाखवून गेल्या आहेत, जुना केस पेपर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. सातवी शिकल्या, मराठी सावकाश वाचतात. चष्मा आहे, पण बहुतेक वेळा पिशवीत. फोन आला तर घेता येतो, नातवाशी व्हिडिओवर बोलता येतं, पण ओटीपी वगैरे मुलगा बघतो. मुलगा पुण्याला असतो आणि दवाखान्यात नंबर त्याचाच दिलेला आहे.

मंदामावशी काल्पनिक आहेत, पण त्यांच्यातला प्रत्येक तपशील त्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या ना कुणाच्या बोलण्यातून आलेला आहे. त्यासाठी आम्ही एक सकाळ नुसते बाकावर बसून होतो. त्यांना काय येतं आणि काय येत नाही, हे दोन्ही लिहा. पुढं वाद झाला की हाच कागद निकाल देतो.

दुसरी गोष्ट, काम: 'गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंय, त्यासाठी नंबर लावायचा.' काम त्यांच्याच शब्दांत लिहा. 'पुनर्नोंदणी करणे' असं लिहिलंत की तुम्ही यंत्राच्या बाजूनं विचार करायला लागलात.

तिसरी गोष्ट, वाट. ती डिझायनरला विचारून लिहून घ्या, अंदाजानं नको. आमची वाट अशी होती: पडद्याला बोट लावणे, 'मराठी' निवडणे, 'पुनर्भेट' निवडणे, मोबाइल नंबर टाकून 'पुढे', ओटीपी टाकणे, विभाग निवडणे, 'पुष्टी करा' दाबणे, चिठ्ठी घेणे. आठ पायऱ्या. वाट लिहायला बसलो तेव्हाच डिझायनर म्हणाला, "एवढ्या आहेत होय!"

कोण कोण बसणार

तीन ते पाच जण पुरे. एक जण चालवणारा, एक जण लिहिणारा, बाकीचे उत्तरं देणारे. जमलं तर त्यात त्या क्षेत्रातलं एखादं माणूस घ्या. आमच्यात केस पेपरच्या खिडकीवर अकरा वर्षं काढलेल्या एक बाई होत्या आणि त्या दिवशी सर्वांत मोलाचं त्याच बोलल्या.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, ज्यानं डिझाइन केलंय त्यानं बचाव करायचा नाही. दोन, दुरुस्ती कशी करायची यावर आत्ता चर्चा नाही. दुसरा नियम पाळणं जास्त अवघड जातं. एखादी अडचण सापडली की चारही जण उपाय सुचवायला लागतात, तासभर एका बटणाच्या रंगात जातो आणि उरलेल्या पायऱ्या तपासायच्या राहून जातात. मायक्रोसॉफ्टमधल्या रिक स्पेन्सर यांनी २००० साली ही पद्धत कामाच्या धबडग्यात बसावी म्हणून सुटसुटीत केली, तेव्हा हेच नियम त्यांनी आधी घालून दिले. प्रत्येक पायरीला विचारायचे प्रश्नही (ते पुढं दिले आहेत) त्यांनी चारचे दोन केले: इथं काय करायचं हे माणसाला कळेल का, आणि केल्यावर आपण बरोबर केलं हे कळेल का. वेळ अगदीच कमी असेल तर दोन वापरा. शिकताना मात्र चारच घ्या.

चार प्रश्न

हे चार प्रश्न १९९४ च्या सुमारास आजच्या रूपात स्थिरावले. प्रत्येक पायरीला चारही विचारायचे, एकही गाळायचा नाही.

पहिला: ही पायरी करायला हवी, हे त्या माणसाच्या मनात येईल का? आम्ही पहिल्याच पायरीला अडलो. यंत्रावर वर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'स्वयंसेवा केंद्र'. इंग्रजी शब्दाचं ते सरळ भाषांतर होतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल इथं स्वयंसेवक बसतात, पट्ट्या-बिट्ट्या बांधणारे. केस पेपर इथं निघतो हे कोणाला कळणार?" मंदामावशी यंत्राजवळ जाणारच नाहीत. त्या सवयीनं रांगेत उभ्या राहतील. आतल्या पडद्यांवर तीन महिने काम झालं होतं आणि अडचण पहिल्या पडद्याच्याही आधी, पत्र्याच्या पाटीवर होती.

दुसरा: जे दाबायचं ते दिसेल का? सुरुवातीच्या पडद्यावर आरोग्याचे संदेश एकामागून एक सरकत होते, बटण नव्हतंच. कुठंही बोट लावलं की सुरू होईल अशी योजना होती. ते कळत नाही म्हणून कोणीतरी यंत्राच्या चौकटीवर कागद चिकटवला होता, 'येथे स्पर्श करा', आणि पडद्याकडे दाखवणारा बाण. आम्ही तिथं होतो तेव्हा एक आजोबा आले. त्यांनी कागद वाचला आणि कागदावरच्या बाणावर अंगठा दाबला. जरा थांबून पुन्हा दाबला, या वेळी जोरात. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "बंद हाय वाटतं." त्यांनी सूचना तंतोतंत पाळली होती. 'येथे' लिहिलं होतं, तिथं दाबलं. तो कागद मी मागून घेतला. अजून माझ्या फाईलीत आहे.

याच प्रश्नानं आणखी एक गोष्ट बाहेर काढली. नंबर टाकायला आकड्यांची पाटी वर यायची आणि 'पुढे' हे बटण तिच्याखाली झाकलं जायचं. डिझायनरच्या लॅपटॉपवर पडदा मोठा असल्यानं तिथं हे कधी दिसलंच नाही.

तिसरा: आपल्याला जे हवंय ते याच बटणानं होईल, हे त्या माणसाला उमगेल का? मराठी इंटरफेसमध्ये सर्वांत जास्त अडचणी या प्रश्नापाशी निघतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथं घाई करू नका.

विभागांच्या पडद्यावर बारा चौकोन होते. मंदामावशींना हवेत हाडांचे डॉक्टर. बरोबर चौकोन होता 'अस्थिव्यंगोपचारशास्त्र'. अधिकृत नाव तेच आहे, वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाट्यांवर तेच असतं. पण शब्द चौकोनात मावत नव्हता, त्यामुळे दिसायचं 'अस्थिव्यंगोपचा' आणि पुढं तीन टिंबं. तो सावकाश वाचणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी वाचा. 'अस्थि' म्हणजे हाडं, हे माहीत असेलही, पण अस्थी त्यांच्या तोंडी येतात त्या विसर्जनाच्या वेळी. मधला जो तुकडा ओळखीचा वाटतो तो आहे 'व्यंग'. आपल्यात काही व्यंग नाही, नुसते गुडघे दुखतात. म्हणजे हा चौकोन आपला नाही.

मग त्या दुसरा कोणता दाबतील? 'दाबणार नाहीत' एवढं लिहून थांबू नका, त्याऐवजी काय करतील तेही लिहा. त्याच पडद्यावर वर डावीकडे 'औषधवैद्यकशास्त्र' होतं. जनरल मेडिसिनचं ते अधिकृत मराठी नाव. त्यात 'औषध' हा शब्द स्वच्छ दिसतो. मावशींना गुडघ्याचं औषधच हवंय. त्या तो दाबतील, चिठ्ठी निघेल, त्या दुसऱ्याच ओपीडीपुढे बसतील, आणि आपण चुकीच्या दारात आहोत हे नंबर आल्यावर, बारा वाजता कळेल. तोवर हाडांच्या ओपीडीचे नंबर देणं बंद झालेलं असेल. परतीची एसटी चुकेल. एका चौकोनातल्या शब्दापायी एका बाईचा अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. हे सगळं नोंदीत लिहा. निर्णय घेणाऱ्यांना 'लेबल अस्पष्ट' यातून काहीच कळत नाही.

'पुनर्भेट'चंही तेच. खिडकीवर लोक काय म्हणतात, असं आम्ही बाईंना विचारलं. "'जुना पेपर हाय' म्हणतात," त्या म्हणाल्या. 'नवा पेपर' आणि 'जुना पेपर', एवढे दोनच शब्द अकरा वर्षं त्या खिडकीवर चालत होते.

चौथा: पायरी केल्यावर काम पुढं सरकलं, हे कळेल का? शेवटच्या पायरीला 'पुष्टी करा' दाबलं की लगेच 'धन्यवाद' दिसायचं, आणि तीन-चार सेकंदांनी चिठ्ठी निघायची, तीही गुडघ्याच्या उंचीवरच्या फटीतून. धन्यवाद म्हटल्यावर माणूस निघतो. चिठ्ठी मागं राहते. ही चूक एटीएमच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जी यंत्रं आधी पैसे देऊन मग कार्ड परत करायची, त्यांच्यात लोक कार्ड विसरून जायचे, कारण पैसे हातात आले की मनात काम संपलेलं असतं. म्हणून क्रम उलटा केला गेला, आधी कार्ड घ्या, मग पैसे मिळतील. तेव्हा चौथा प्रश्न विचारताना हेही विचारा: माणसाच्या मनात काम कधी संपतं, आणि यंत्राच्या लेखी कधी?

'करतील की' हे उत्तर नव्हे

प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणताना कारण सांगावं लागतं. या पद्धतीचा सगळा जीव त्यात आहे. हो असेल तर यशाची गोष्ट, नाही असेल तर अपयशाची गोष्ट, दोन-तीन वाक्यांत. 'हो, कारण पडद्यावर दुसरं बटणच नाही.' 'हो, कारण नातवाला फोन लावताना त्या असाच हिरवा गोल दाबतात.' ही कारणं चालतात, कारण ती मावशींच्या कागदाशी ताडून बघता येतात. 'हो, आजकाल सगळ्यांना येतं' हे चालत नाही. अशा वेळी चालवणाऱ्यानं शांतपणे विचारावं, "हे त्यांना कुठून कळलं?" मी हा प्रश्न एका बैठकीत वीस-पंचवीस वेळा तरी विचारते. सुरुवातीला लोक वैतागतात, मग स्वतःच स्वतःला विचारायला लागतात.

गोष्ट सांगता आली नाही तर पायरी नापास समजा. शंकेचा फायदा यंत्राला द्यायचा नाही.

नोंदीसाठी साधी वही पुरते. एका पायरीला एक पान: पायरी काय, पडद्याचं चित्र, कोणता प्रश्न नापास, गोष्ट, आणि एकीकडे समासात 'नंतर बोलू' म्हणून सुचलेले उपाय. समासाची ही जागा ठेवलीत की लोकांची उपाय सांगायची खुमखुमी तिथं जिरते आणि बैठक पुढं सरकते. आमच्या आठ पायऱ्यांना पावणेदोन तास लागले. दोन तासांच्या पुढं ताणू नका, डोळे थकले की सगळंच बरोबर दिसायला लागतं.

दुसरी फेरी: निकष

एका वाटेनं चालून झालं की निकष हातात घेऊन बाकीचं पाहा. नील्सन यांनी १९९४ मध्ये पक्की केलेली दहा निकषांची यादी आजही वापरात आहे. यंत्र काय करतंय हे दिसतं का, शब्द माणसांच्या बोलण्यातले आहेत का, चुकून गेलं तर मागं फिरता येतं का, आठवावं लागतं की पाहून ओळखता येतं, चूक झाल्यावरचा निरोप कळतो का, अशा स्वरूपाचे ते आहेत. सगळे पाठ करण्याची गरज नाही, छापून समोर ठेवा.

इथला महत्त्वाचा नियम असा, की प्रत्येकानं आधी एकट्यानं तपासायचं. एकत्र बसून केलं तर पहिला जे बोलतो त्याच्याच मागं सगळे जातात. एकट्या तपासनिसाला सगळ्या अडचणी सापडत नाहीत, भले तो कितीही अनुभवी असो. नील्सन यांनी सहा प्रकल्पांची सरासरी काढली तेव्हा एकाला सुमारे ३५ टक्केच अडचणी सापडल्या होत्या. पाच जणांच्या याद्या एकत्र केल्या की हा आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून तीन ते पाच जण.

आमच्या दुसऱ्या फेरीत सापडलेली मोठी गोष्ट म्हणजे मागं जायची सोयच नव्हती. चुकीचा विभाग दाबला की मुकाट्यानं शेवटपर्यंत जा, नाहीतर मिनिटभर थांबा, यंत्र आपोआप पहिल्या पडद्यावर येईल. मागं रांग असताना मिनिटभर कोणी थांबू देत नाही. आणखी एक: केस पेपरवर क्रमांक देवनागरी आकड्यांत आणि यंत्राच्या आकड्यांच्या पाटीवर इंग्रजी आकडे. मराठी आकड्यांत हिशेब शिकलेल्या माणसाला '६' आणि '6' जुळवताना डोकं दोनदा वळवावं लागतं. मराठी पडदा तपासताना आकडे, जोडाक्षरं नीट उमटतात का, वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीत कापल्या जातात का, हे वेगळं बघाच. परदेशी निकषांच्या यादीत ते सहसा सापडत नाही.

किती गंभीर

सगळ्या अडचणी एकत्र आल्या की प्रत्येकीला शून्य ते चार गुण द्या. शून्य म्हणजे अडचणच नाही, चार म्हणजे हे सुधारल्याशिवाय यंत्र लोकांपुढे ठेवू नये. किती जणांना येईल, आली तर केवढ्याला पडेल, आणि एकदा कळल्यावर सुटेल की पुन:पुन्हा छळेल, हे तीन विचार करून आकडा द्या. इथंही आधी एकेकट्यानं, मग सरासरी. आमच्याकडे 'अस्थिव्यंगोपचा…'ला चार मिळाले, मुलाच्या फोनवर जाणाऱ्या ओटीपीला चार, चिठ्ठीच्या फटीला तीन. सरकत्या आरोग्य-संदेशांच्या रंगावर एकानं अर्धं पान लिहिलं होतं, त्याला एक.

मग खऱ्या माणसांपुढे

आपण तज्ज्ञ असलो तरी मंदामावशी नाही. आपल्या अपयशाच्या गोष्टी हे अंदाज आहेत, आणि काही चुकतात. आम्ही ठामपणे लिहिलं होतं की मुलाचा मोबाइल नंबर मावशींना आठवणार नाही, तिथंच त्या अडतील. नंतर पाच-सहा जणांना यंत्रापुढे उभं करून पाहिलं, तर जवळजवळ प्रत्येकानं पिशवीतून जुना केस पेपर काढला. नंबर त्याच्या मागं बॉलपेननं लिहिलेला होता, काहींच्या पेपरवर दोन-दोन. त्यांनी तो सावकाश, एकेक आकडा बोटानं दाखवत टाकला. ओटीपीपाशी मात्र सगळे थांबले. एका बाईंनी पुण्याला मुलाला फोन लावला, तो कंपनीत मशीनवर होता, उचलला नाही. त्या यंत्राच्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "तुमी घ्या करून."

तज्ज्ञांची तपासणी आधी आणि माणसांची नंतर, हा क्रम सोडू नका. गावाहून आलेल्या दुखणाईत माणसाला, जी चूक आपल्याला टेबलावर दिसू शकत होती, तीच दाखवायला यंत्रापुढे उभं करणं बरोबर नाही.

दुरुस्त्या झाल्या की पुन्हा पहिल्या पायरीपासून चाला, फक्त बदललेल्या पडद्यावरून नव्हे. आम्ही चौकोनावर 'हाडांचे डॉक्टर' असं लिहायला सांगितलं, सगळे खूश झाले. दुसऱ्यांदा चाललो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पण दारावर पाटी तर 'अस्थिव्यंगोपचार'चीच आहे, मग चिठ्ठी घेऊन त्या कुठल्या दारात जातील?" शेवटी चौकोनात मोठ्या अक्षरांत 'हाडांचे डॉक्टर', त्याखाली लहान अक्षरांत अधिकृत नाव, आणि चिठ्ठीवर सगळ्यांत ठळक खोली क्रमांक १४, देवनागरीत.